गिटार आणि तिसरी घंटा

आपण दहावीत होतो त्या वर्षी, १९७८ साली, पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणला. लेखक पु. ल. देशपांडे, दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. अंकुश नागपूरकर या गुंडाच्या भूमिकेसाठी त्यांनी मुंबईचा एक रॉक गायक निवडला, नंदू भेंडे. नाटकवाल्या घरांत तेव्हा चर्चा झाली ती याचीच. रॉक गाणारा मुलगा मराठी नाटकात कसा? प्रश्न रास्त होता, पण उलटा विचारलेला होता. गाणारा नट आपल्याला नवीन कधी होता?

३१ ऑक्टोबर १८८० रोजी याच पुण्यात, आनंदोद्भव नाट्यगृहात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. त्यानंतरची चाळीस-पन्नास वर्षं मराठी रंगभूमीवर गायक आणि नट ही दोन माणसं नव्हतीच. बालगंधर्व गायक की नट, असं विचारणाऱ्याला आपल्या आजोबांनी वेड्यात काढलं असतं. पुढे बोलपट आले, नाटक मंडळ्या बसल्या, गद्य नाटक पुढे सरकलं. गाणारा मैफलीत गेला, बोलणारा रंगमंचावर राहिला. आपल्या पिढीला ही फारकत जन्मापासूनचीच वाटली.

पुण्याला दुहेरी आयुष्य जगणारी माणसं मात्र चांगली ओळखीची होती. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. स्वतः जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना चालवणारे. संगीतकार आनंद मोडक महाराष्ट्र बँकेत नोकरीला होते. ‘घाशीराम कोतवाल’ जगभर पोचवणारी ही संस्था मुळात दिवसा दुसरं काम करणाऱ्यांची होती. हा तोल कठीण खरा, पण त्याचा हिशेब सरळ आहे: दिवस पोटाचा, संध्याकाळ नाटकाची.

रॉक आणि नाटक यांचा हिशेब तसा बसत नाही. दोघांनाही संध्याकाळच हवी असते. बँडचा कार्यक्रम शनिवार-रविवारी, नाटकाचा प्रयोगही शनिवार-रविवारी. तालमी दोन्हीकडे रात्रीच्या. शिवाय घसा एकच. ड्रम्स आणि ॲम्प्लिफायरच्या वर आवाज काढून ओरडून गायलेला माणूस दुसऱ्या दिवशी तीन अंक शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवणार? ज्याने दोन्ही केलं आहे, त्याला हे सांगायला नको.

नंदू भेंडेंना दोन्ही बाजू घरातूनच ठाऊक होत्या. वडील आत्माराम भेंडे, ‘झोपी गेलेला जागा झाला’सारख्या फार्सांचे हुकमी नट आणि दिग्दर्शक. आई आशा भेंडे, त्याही अभिनेत्री. मुलगा मात्र मुंबईच्या रॉक बँडमध्ये इंग्रजी गाणी गाऊ लागला. १९७४ साली ॲलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा केला, तेव्हा नंदू भेंडे त्यात ज्युडास झाले. या नाटकात संवाद जवळजवळ नाहीतच, सगळं गाण्यातून घडतं. ज्युडासचा संशय, राग, पश्चात्ताप, सारं आवाजातच उभं करावं लागतं. म्हणजे इथे गायक नटाची भूमिका करत नव्हता, गाणं हाच अभिनय होता. मधल्या काळात जी फारकत झाली होती, ती या रात्रींपुरती मिटली.

चार वर्षांनी पुण्याने त्यांना बोलावलं ते याच जोडकामासाठी, असं मला वाटतं. ‘तीन पैशाचा तमाशा’ची वंशावळ पाहिली की ते पटतं. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’त लोकांच्या तोंडी असलेल्या चाली वापरल्या. १९२८ साली बर्लिनमध्ये ब्रेख्तने त्याचंच नवं नाटक केलं आणि कुर्ट वाइलने त्यात जॅझ आणि कॅबरेचा बाज आणला. १९७८ साली पुलंनी ते मराठीत आणलं, तेव्हा नाट्यसंगीत, लोकसंगीत आणि पाश्चात्त्य पॉप एकाच रंगमंचावर आलं. प्रत्येक वेळी नाटकाने रस्त्यावरचं चालू गाणं आत घेतलं. १९७८च्या तरुणाचं चालू गाणं गिटारवरचं होतं.

दुसरं असं, की ब्रेख्तला नटाने गाताना भूमिकेत बुडून जायला नको होतं. गाणं आलं की ते गाणं म्हणूनच प्रेक्षकांसमोर मांडायचं. आपल्या तमाशातला सोंगाड्या हेच करतो, आणि रॉक गायकही हेच करतो: समोर बघतो, लोकांशी थेट बोलतो, मग गातो. चौथी भिंत मानणाऱ्या वास्तववादी नाटकात ही सवय अडचणीची ठरली असती. इथे ती कामाची ठरली.

पण याची किंमतही सांगायला हवी. अशी नाटकं रोज निघत नाहीत. ज्युडास आणि अंकुश यांच्यामध्ये चार वर्षं गेली. भेंडे पुढे १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये गायले, दूरचित्रवाणी मालिकांना संगीत देत राहिले आणि एप्रिल २०१४ मध्ये गेले. दोन वाटा जिथे एक होतात ती जागा मिळाली तर माणूस उजळतो. ती मिळेपर्यंत कुठली तरी एक वाट धरून चालत राहावं लागतं, आणि दुसरी वाट आपलीच आहे हे विसरायचं नसतं.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण सगळे ऐकत वाढलो. ती खोटी नाही. पण चिंध्या जोडूनच गोधडी होते, हेही आपल्या आज्यांनी दाखवलं आहे. शिवणारा हात मात्र हवा. भेंडेंच्या बाबतीत तो एकदा पदमसींचा होता, एकदा पटेलांचा.

म्हणून संमेलनाच्या कार्यक्रम समितीला एक विनंती. यंदाही ‘नाटुकलं’ आणि ‘ऑर्केस्ट्रा’ अशा दोन वेगळ्या याद्या फिरत आहेत, आणि दोन्हींच्या तालमी रविवारी सकाळी दहालाच आहेत. चार नावं दोन्ही याद्यांत आहेत. त्यांना एक निवडायला सांगू नका. नाटुकल्यात गाणी घाला आणि तालीम एकच ठेवा.