अडाणी कोण?

आरोग्याच्या कामातल्या साहेबलोकांशी बोलायला बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं : लोक अडाणी आहेत, सांगून कळत नाही. मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात राहतो. इथं चाकणकडं कांदा-बटाटा काढायला, कासारसाईकडं ऊस तोडायला बाहेरगावची माणसं येतात. त्यातली कितीतरी आपली. म्हणून हे वाक्य मला इतिहासात घासून बघावंसं वाटलं.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात घुसून रोगी शोधायचे आणि लोक रोगी दडवायचे. त्याच साली सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घातलं आणि यशवंतच्या हडपसरच्या दवाखान्यात आणलं. १० मार्चला त्या स्वतः त्याच रोगानं गेल्या. रोग एकच, पण सोजिराला दार बंद आणि सावित्रीबाईला उघडं. यात अक्षरओळखीचा संबंध कुठं आला?

पुढं १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. १९५४ च्याच २५ डिसेंबरला, तिथून थोड्याच मैलांवर देहूरोडला, बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. औषध बाटलीत भरलं म्हणजे ते रानातल्या मजुरापर्यंत पोचतं असं नाही. बाबासाहेबांचा विचार मात्र पाटीपेन्सिल न पाहिलेल्या बायाबापड्यांपर्यंत पोचला. कशानं? भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशांनी. आपल्या भाषेनं, आपल्याच माणसाच्या तोंडून.

सरकारनं मनावर घेतलं तर सरकारलाही जमतं. देवी हटवताना कार्यकर्ते फोड आलेल्या पोराचं चित्र घेऊन बाजारात, वस्तीवर फिरले. असं पोर कुठं दिसलं का? एवढाच सवाल. वाचायचं काहीच नव्हतं. १९७५ साली देशातला शेवटचा रोगी सापडला, १९७७ साली देश देवीमुक्त ठरला. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणही असाच, अंगठा उठवणाऱ्यालाही कळणारा. पण आणीबाणीत नसबंदीचे आकडे भरायची घाई सुटली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. तो कायदा काही अंमलात आला नाही. तरी धाक बसायचा तो बसलाच. खूण लोकांना नीट कळत होती. उडाला होता तो भरवसा.

याच्या उलट जामखेड बघा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं आणि गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यात दलित बाया होत्या, कित्येक निरक्षर होत्या. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, सगळं त्या चित्रांवरून, बोलण्यातून शिकल्या आणि दारोदार सांगत गेल्या.

आता सगळ्यात कडू गोष्ट. २०१९ साली ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला. सरकारी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल आधीच अंगावर. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. फडात ना पाणी ना संडास. पाळी म्हणजे आफतच. अंगावर पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि तिला सांगतात, पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल.

दोस्तहो, इथं थांबून विचार करा. ही थाप निरक्षर बाईपर्यंत पोचलीच ना? पुस्तिका लागली नाही, भित्तिपत्रक लागलं नाही. तिच्याच शब्दात, तिच्या भीतीवर बोट ठेवून सांगितली गेली. थाप पोचते, मग खरं का पोचत नाही? कारण थापेत कुणाचा तरी धंदा आहे, आणि खरं सांगायला कोपीपर्यंत कुणी जात नाही. जो जातो तो गर्भाशय म्हणतो. ती पिशवी म्हणते.

मग आपण जायचं. दिवाळीनंतर कोप्या पडतात. पहाटेपासून माणसं फडात असतात, तेव्हा संध्याकाळी, चुली पेटल्यावर जायचं. सोबत बाई कार्यकर्ती हवीच. सांगायचं थोडं : पांढरं जाणं, पोट दुखणं बहुतेक वेळा गोळ्याऔषधानं बरं होतं. पिशवी काढायला सांगितली तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखव. कागदावर समजल्याशिवाय अंगठा देऊ नको. मग तिलाच विचारायचं, तुझ्या शेजारणीला हे कसं सांगशील? तिनं सांगितलेलं ऐकायचं. चुकलं तर आपण पुन्हा सांगायचं, सोप्या शब्दात.

आणि एवढ्यावर थांबायचं नाही. पाळीच्या दिवसांचा खाडा बंद करा, फडावर पाणी आणि संडास द्या, ही मागणी मुकादमापुढं आणि कारखान्यापुढं ठेवायची. नुसत्या माहितीनं तिचं दुखणं जाणार नाही. तिला सुट्टी पाहिजे.