तारांतुलाचा दंश आणि व्हायोलिन

कांस्याच्या वाडग्यांच्या नादाने तनामनाचे विकार शमतात, असे सांगणारी ध्वनिचिकित्सा अलीकडे आपल्या शहरांतूनही रुजू लागली आहे. नादाने रोग बरा करण्याचा एक अस्सल दाखला ख्रिस्ती युरोपातही सापडतो. तो मात्र या चिकित्सेच्या पुरस्कर्त्यांना सोयीचा वाटेल, अशी खात्री आम्हांस देववत नाही.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्याच्या टाचेवरील सालेंतो या मुलखात, जूनच्या सुगीच्या दिवसांत, शेतमजूर स्त्रिया एकाएकी कोसळत. तारांतुला जातीचा कोळी डसला, असे घरचे म्हणत. त्यावर वैद्य नव्हे, वादक बोलावीत. व्हायोलिन, डफ आणि लहान बाजाची पेटी घेऊन ते घरी येत. एकामागून एक धून वाजवून पाहत. रुग्णाला जी लागू पडे, त्या धुनेवर ती उठून नाचू लागे. कधी कधी हे नृत्य दिवसेंदिवस चाले. रोममधील येशूसंघीय विद्वान अथानासियुस किर्खर यांनी १६४१ साली चुंबकशक्तीवरील आपल्या ग्रंथात या उपचारासाठीची धून स्वरलिपीसह छापली होती.

जून १९५९ मध्ये इतिहासकार एर्नेस्तो दे मार्तिनो तेथे गेले. सोबत मानसोपचारतज्ज्ञ होते, संगीताचे अभ्यासक दिएगो कार्पितेल्लाही होते. नार्दो गावच्या लुइजी स्तिफानी या न्हाव्याचे व्हायोलिन त्यांनी ऐकले. आणि त्यांच्या ध्यानी आले, की हा दंश बहुतांशी कोळ्याचा नाहीच. तारांतुलाचे विष सौम्य असते. आणि विषबाधा दरवर्षी त्याच महिन्यात आपोआप उलटत नाही. एका तरुणीचे प्रेम दारिद्र्यापायी मोडले होते, आणि पुढे मनाविरुद्ध लग्न पदरी आले होते. बोलण्याची सोय नसलेले दुःख कोळ्याच्या नावाने बाहेर पडत होते. दे मार्तिनो यांच्या १९६१ च्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘रिमोर्सो’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ मनाची टोचणी. फोड केली तर पुन्हा झालेला दंश.

मग बरे कोण करी? केवळ नाद नव्हे, असे आमचे मत आहे. वादकांच्या बिदागीसाठी घर कर्जात बुडे, शेजारपाजार भोवती जमे, आणि एरवी जिच्याकडे कोणी पाहिले नसते, तिच्यासाठी सारे खोळंबून राहत. वाडगी विकत आणता येतात. हे आणता येत नाही.

या कथेत आपल्या ख्रिस्तसभेचाही वाटा आहे. मेलिता बेटावर सर्प डसूनही संत पॉल यांना अपाय झाला नाही (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २८). म्हणून या स्त्रिया २९ जूनच्या सणाला गालातिना येथील त्यांच्या चॅपेलात येत. घरच्या उपचाराला असा संताचा आधार जोडला गेला. वाद्ये मात्र चॅपेलाबाहेर राहिली. दे मार्तिनो यांना तेथे दिसले ते किंचाळणे, लोळणे आणि वेदीवर चढू पाहणे. ज्या लयीने त्या वेदनेला आकार येई, ती लयच तेथे नव्हती. धर्माधिकाऱ्यांचा हेतू शुद्ध असेल. तरीही ही हानी नाकारता येत नाही.

स्तिफानी २००० साली वारले. त्याआधीच, १९९८ मध्ये, सालेंतोत या संगीताचा महोत्सव सुरू झाला होता. उन्हाळ्याच्या अखेरीस मेल्पिन्यानो गावी त्याची सांगता होते, आणि डफाच्या तालावर हजारो लोक रात्रभर हौसेने नाचतात.