आधी वर्गणी, मग पुस्तक

१८५० साली पुण्यातल्या एखाद्या शिकल्यासवरल्या गृहस्थाने वर्षअखेरीस आपल्या वाचनाची यादी करायला घेतली असती, तर पोथ्या-पुराणे आणि बखरी वगळून तिच्यात फारसे काही उरले नसते. शाळाखात्यासाठी इंग्रजीवरून उतरवलेली भूगोल-गणिताची पुस्तके, मुंबईहून येणारे भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ आणि त्यात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने छापून आलेली पत्रे, एवढीच काय ती सामग्री. या १०८ पत्रांना पुढे ‘शतपत्रे’ म्हणू लागले. आज ज्याला वैचारिक पुस्तक म्हणतात ते तेव्हा हप्त्याहप्त्याने, वर्तमानपत्राच्या कागदावर यायचे. त्याचे बांधीव पुस्तक काढायचे तर पैसा कोण घालणार, हा प्रश्न होता. आणि मराठीत तो पुरता सुटला असे आजही म्हणवत नाही.

त्याचे पहिले उत्तर पर्वतीजवळच्या रमण्यात सापडले. तिथे पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. दाभाड्यांनी तळेगावात पाडलेली ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात आणून वाढवली होती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने ती एकदम मोडली नाही. त्याने रक्कम कमी केली आणि तिच्यातला काही भाग १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. १८४९ मध्ये काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही मिळावा. लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, त्यांच्यात होतेच. शहरात गहजब झाला. पिढीजात हक्काच्या पैशाला हात लावणाऱ्यांना वाळीत टाकायची भाषा सुरू झाली. अर्जदारांच्या रक्षणाला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि वेदपठणाबद्दल मिळणारा रुपया भाषांतराबद्दलही मिळू लागला.

मात्र थैली कमिटीच्या हाती, तशी निवडही तिच्याच हाती. १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे पाठवले आणि ते नाकारले गेले. ही सल त्यांनी ‘गुलामगिरी’त, १८७३ साली, नोंदवून ठेवली आहे. ज्या निधीसाठी ते अर्जदारांच्या बाजूने उभे राहिले, त्याचे दार त्यांना स्वतःला बंद झाले, हा विनोद म्हणायचा की आणखी काही, ते ज्याने त्याने ठरवावे.

फुल्यांनी वाचक मिळवण्याची दुसरी वाट काढली. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत असताना, १८८२-८३च्या सुमारास, त्यातली प्रकरणे ते लोकांना वाचून दाखवत. पुण्या-मुंबईत तर वाचलीच, पण जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीही वाचली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही त्यातला भाग ऐकला. श्रोत्यांत बरेचसे असे, की ज्यांना अक्षर लागत नव्हते. आणि पुस्तक तर त्यांच्याच सारा, कर्ज आणि कोर्टकचेरीबद्दल होते. ‘दीनबंधु’ पत्राने पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापायचे थांबवले. फुल्यांनी अशा छापखानेवाल्यांना भेकड म्हटले. संपूर्ण पुस्तक काही त्यांच्या हयातीत छापून निघाले नाही. म्हणजे एका फार मोठ्या मराठी गद्यग्रंथाचे पहिले ‘वाचक’ हे ऐकणारे होते.

इकडे १८७४च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. सरकारी शाळेतला एक मास्तर दरमहा जवळजवळ एकहाती मजकूर लिहितो आणि लोक वर्गणी भरून तो घेतात, हे तोवर फारसे घडलेले नव्हते. ना गोष्ट, ना नाटक. ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’ हा पहिला निबंध, पुढे इतिहास, वक्तृत्व, डॉक्टर जॉन्सन असे विषय. एकूण ८४ अंक निघाले. लोकहितवादी आणि फुले या दोघांचीही शास्त्रीबुवांनी ‘माले’तून यथेच्छ खरडपट्टी काढली. ती अन्यायाची होती, आणि फुल्यांच्या बाबतीत तर जातीचा माज त्यात लपत नाही. पण निव्वळ विचार वाचायला वर्गणीदार पैसे मोजतो, हे त्यांनी सिद्ध केले आणि पुढच्या नियतकालिकांना त्याचा उपयोग झाला.

हाच हिशेब सर्वांत मोठ्या पटावर मांडला तो श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून जातिसंस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टर होऊन आलेला हा माणूस. मराठीत ज्ञानकोश हवा असे त्याने ठरवले आणि त्यासाठी चक्क एक लिमिटेड कंपनी काढली. ज्ञानकोश मंडळ १९१६ साली नागपुरात उभे राहिले, पुढे बिऱ्हाड पुण्यात आले. भाग विकायचे, वर्गणीदार गोळा करायचे, त्यांच्या पैशांवर कारकून, लेखक आणि छपाई चालवायची. तेलाची गिरणी काढावी तसा हा कारभार होता आणि केतकरांना त्यात काडीचाही कमीपणा वाटत नव्हता.

वर्गणीदाराच्या हाती काय पडले, तेही पाहण्यासारखे आहे. पहिला खंड ‘हिंदुस्थान आणि जग’, दुसरा ‘वेदविद्या’, तिसरा ‘बुद्धपूर्व जग’, चौथा ‘बुद्धोत्तर जग’, पाचवा ‘विज्ञानेतिहास’. हे पाचही प्रस्तावनेचे! ‘अ’ उजाडला तो सहाव्या खंडात. एखादा शब्द पाहायला म्हणून कोश घेतलेल्या सातारच्या वकिलाने किंवा उमरावतीच्या मास्तरने आधी जगाचा इतिहास वाचावा, ही केतकरांची अपेक्षा होती. संपादकाच्या हट्टाचे याहून जाडजूड उदाहरण मराठीत नसेल. १९२० ते १९२९ या काळात असे २३ खंड निघाले.

केतकरांनी या खटाटोपाचीही हकिगत लिहून ठेवली: ‘माझे बारा वर्षांचे काम’. ज्ञानकोशाच्या कचेरीत तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला. म्हणजे वर्गणीदारांच्या पैशांतून ग्रंथ निघालेच, शिवाय माणसेही घडली.

ग्रंथालयांचीही गोष्ट फार वेगळी नाही. रत्नागिरी, नगर, नाशिक, पुणे अशा ठिकाणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ‘नेटिव्ह लायब्ररी’ निघाल्या, त्या सभासदांच्या वर्गणीवर. वर्गणी परवडणारा तेवढा आत. सयाजीरावांनी हे उलटे केले. १९१० साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला आणून त्यांनी बडोदा संस्थानात फुकट वाचनाची व्यवस्था उभी केली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरवल्या. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा यायला १९६७ साल उजाडले. अनुदान सुरू झाले, आणि त्या पाठोपाठ कोणती पुस्तके घ्यावीत याच्या सरकारी याद्याही आल्या. दक्षिणा प्राइज कमिटीची आठवण यावी, असाच हा मामला.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली तेव्हा जुनीच युक्ती पुन्हा वापरली: सभासद आधी जमवायचे, त्यांना पुस्तक स्वस्तात द्यायचे आणि दुकानदाराच्या भरवशावर राहायचे नाही. या वाटेने १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले. मुंबईच्या कावाखान्यातल्या खोल्या, गावकीची कामे, आई-आजीचे कष्ट, सारे नावानिशी लिहिलेले. पुणे-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत ते पोचले. दोन वर्षांनी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ निघाले. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला हा लेखक, तिशी नुकती ओलांडलेला; १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याच्या या पहिल्याच पुस्तकाला मिळाला.