नाक दाबलं तरी

साल १५९१. घाटाच्या पायथ्याला, रोहिणखेडच्या शिवारात तुम्ही उभे आहात. अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशाहाशी झालेल्या लढाईत तिथला कारभारी जमालखान पडलाय. धुरळा अजून बसायचाय. पण तुम्हाला फार लांब जायचंय. घाट चढा, बुलढाणा मागं टाका, लोणारला या.

आता ५ लाख ७० हजार वर्षं मागं. उल्का आदळते आणि काळ्या बेसाल्टात १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडतं. पाणी साचतं, बाहेर पडायला वाट नाही, म्हणून आटता आटता खारट, सोड्यासारखं बुळबुळीत होत जातं.

अजून मागं. १६४ कोटी वर्षं. आजच्या उत्तर ऑस्ट्रेलियातला समुद्र. सडक्या अंड्यांचा भपकारा येतो: हायड्रोजन सल्फाइड. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात; इथं उघडूनही उपयोग नाही, हवेत प्राणवायू जेमतेम. वरून ऊन उतरतंय, तळातून हा वायू चढतोय. दोघांची गाठ पडते तिथं पाणी जांभळट तांबडं आहे. त्यातला थेंब भिंगाखाली धरा. गुबगुबीत पेशी, आत गंधकाचे चकाकते कण. झाडं उन्हाच्या जोरावर पाणी फोडतात, प्राणवायू सोडतात. हे जिवाणू सल्फाइड फोडतात. उरलेलं गंधक पोटात ठेवतात, उपासमारीच्या दिवसांची शिदोरी म्हणून. त्यांच्या रंगाची खूण तिथल्या खडकात आजही सापडते.

आता १९३१. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हॅन नील याच जिवाणूंवरून आडाखा बांधतात: यांचं गंधक सल्फाइडमधून येतं, तर झाडांचा प्राणवायू पाण्यातूनच येत असणार. ज्यांनी कधी प्राणवायू सोडला नाही, त्यांनीच त्याचा पत्ता सांगितला.

जून २०२०. पुन्हा लोणार. सरोवर गुलाबी झालंय, काठावर मोबाइल उंचावलेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं शोधून काढलं: पाणी आटून क्षार वाढले, आणि मिठात रमणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव माजले. म्हणजे रंग आपल्या त्या गंधक साठवणाऱ्या जिवाणूंचा नव्हे. पण अशा सोड्याच्या सरोवरांत त्यांचेही भाऊबंद राहतात, एक्टोथायोरोडोस्पायरा नावाचे. ते गंधक पोटात न ठेवता अंगाबाहेर टाकतात.

खाली वाका. काठचा काळा गाळ काडीनं उकरा. तोच भपकारा. हात नाकाकडं जाईल, जाऊ द्या. एक श्वास मात्र त्याआधी घ्या. तुम्हाला ज्याची शिसारी येते, त्यावर कुणाचं तरी ताट वाढलेलं असतं.