विसराळू सराईवाला

अद्भुतकथांतील वीरांची थोरवी गाण्यास टीकाकार नेहमींच सज्ज असतात. परंतु त्या वीरांना ज्यानें एक रात्र जेवूं घातलें, निजण्यास खोली दिली व त्यांच्या जनावरांना दाणावैरण केली, त्याच्याविषयीं कोणी चार शब्द लिहीत नाहीं. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या १९५४-५५ सालीं तीन भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या प्रचंड कथेंतील बार्लिमन बटरबर हा असाच एक उपेक्षित गृहस्थ होय. ब्री या गांवीं ‘प्रॅन्सिंग पोनी’ नांवाची सराई तो चालवितो. देहानें स्थूल, चेहऱ्यानें लाल, बोलण्यांत अखंड आणि स्मरणांत अगदींच कच्चा! वाचक त्याला हंसतो आणि पुढें जातो. परंतु या विनोदी पात्राच्या पाठीशीं इंग्लंडच्या इतिहासांतील एक जुनी व सन्मान्य संस्था उभी आहे, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्याचें खरें मोल कळावयाचें नाहीं.

प्रथम त्याचा अपराध पाहूं. गॅन्डाल्फ हा मांत्रिक ऐन उन्हाळ्यांत त्याच्या हातीं एक पत्र देतो. फ्रोडोनें विनाविलंब घर सोडावें, हा त्यांतील मजकूर. दोन दिवस पत्र पोंचविणारा माणूस मिळत नाहीं, आणि मग धंद्याच्या रगाड्यांत बटरबर तें साफ विसरतो. सप्टेंबरच्या अखेरीस फ्रोडो आपण होऊन त्याच्याच दारीं येतो, तेव्हां तें पत्र त्याला मिळतें. तोंवर काळे स्वार त्याच्या मागावर आलेले असतात. एका पत्राच्या विस्मृतीनें साऱ्या जगाचें भवितव्य टांगणीला लागलें, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

इतकें महत्त्वाचें पत्र गॅन्डाल्फनें सराईवाल्याच्या स्वाधीन कां करावें, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर इतिहासांत आहे. ट्यूडर राजांच्या काळीं राजमार्गावरील टपालाचे ठाणेदार बहुधा सराईवालेच असत. कारण ताज्या दमाचे घोडे त्यांच्याच तबेल्यांत मिळत. पहिल्या चार्ल्सनें १६३५ सालीं राजाचें टपाल सामान्य जनतेस खुलें केलें, त्यानंतरही पुष्कळ काळ सराई आणि टपाल यांचा संबंध सुटला नाहीं. सराईवाल्याच्या हातीं पत्र देणें हा त्या देशाचा शिरस्ताच होता.

आतां त्याच प्रकरणाची दुसरी बाजू पाहूं. फ्रोडो व त्याचे सोबती सराईंत उतरले असतां रात्रींतून तबेल्याचीं दारें उघडून त्यांचीं तट्टें पळविलीं जातात. चोरींत बटरबरचा हात नाहीं. तरीही बिल हें अर्धपोटी तट्टू तिप्पट किंमत मोजून, चांदीच्या बारा नाण्यांस, तो स्वतःच्या पैशानें घेऊन देतो आणि गेलेल्या जनावरांपोटीं मेरीपुढें आणखी अठरा नाणीं ठेवतो. तीस नाणीं म्हणजे त्याच्या मानानें मोठाच फटका!

हें औदार्य नव्हे; ही इंग्लंडची रीत आहे. सराईंत उतरलेल्या प्रवाशाचें सामान वा घोडा चोरीस गेला, तर सराईवाल्यानें तो भरून द्यावा, असा त्या देशाचा जुना दंडक होता. चोरांशीं त्याचें साटेंलोटें सिद्ध करण्याची जरूर नसे. वाटसरू परका असतो व तें सिद्ध करणें त्याच्या आवांक्याबाहेरचें असतें, हें जाणूनच कायदा इतका कठोर झाला. १५८४ सालच्या कॅलीच्या खटल्यांत हा नियम स्पष्ट झाला. १८६३ च्या कायद्यानें ही जबाबदारी सामान्यतः तीस पौंडांपुरती मर्यादित केली. पण घोड्यांस त्या सवलतींतून मुद्दाम वगळलें. घोड्यांच्या भरपाईंतून सराईवाला सुटला तो १९५६ च्या कायद्यानें, म्हणजे बटरबर छापील पानांवर अवतरल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं.

टॉल्किन हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. चॉसरच्या भाषेवर त्यांचा निबंध १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां ‘कँटरबरी टेल्स’मधील हॅरी बेली हा टॅबर्ड सराईचा मालक त्यांच्या चांगल्याच परिचयाचा असला पाहिजे. हेन्री बेली नांवाचा सराईवाला १३७६ व १३७८ सालीं सदर्कच्या वतीनें पार्लमेंटांत बसला होता. म्हणजे हा वर्ग नुसता हंसण्याचा विषय नव्हता. गांवाची पत त्याच्यापाशीं ठेव म्हणून असे.

आणि हेंच ब्रीच्या बाबतींत विशेष अर्थपूर्ण आहे. त्या मुलखांत हजाराहून अधिक वर्षें राजा नाहीं, न्यायासन नाहीं. बटरबरनें पैसे दिले नसते, तर त्याला कोणी दरबारांत खेंचलें नसतें. तो केवळ सराईच्या नांवाला भ्याला, असें कोणी म्हणेल. म्हणेना! राजदंड नाहींसा झाल्यावर रीत टिकते ती या भीडेच्या जोरावरच. हाच घाबरट मनुष्य काळ्या स्वारांच्या तोंडावर दार लावून घेतो, हेंही विसरतां कामा नये.

वर्षानंतर वीर परत येतात, तेव्हां सराई ओस पडलेली असते. गुंडांशीं झालेल्या झटापटींत गांवचीं पांच माणसें मेलेलीं असतात. राजा परत आला, ही वार्ता ऐकून बटरबर साशंक होतो. त्याला फक्त गांव सुखानें नांदावा, एवढेंच हवें आहे. तो राजा म्हणजे आपण ज्याच्याविषयीं पाहुण्यांना सावध केलें तोच रानोमाळ भटकणारा स्ट्रायडर, हें कळतांच तो थक्क होतो. राजा ओळखण्यांत तो चुकला, पत्र पोंचविण्यांत चुकला. पण ज्या रीतीवर राज्य उभें असतें, ती त्यानें राजाच्या गैरहजेरींत स्वतःच्या पदरच्या तीस नाण्यांनीं राखली. गॅन्डाल्फनें त्याला शिक्षेऐवजीं सात वर्षें उत्तम बीअरचा आशीर्वाद दिला, तो उगाच नव्हे.