लग्नाचे फोटो कापू नका

मागच्या महिन्यात आमच्या एका भाच्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आमच्या आई-वडिलांच्या लग्नाचा फोटो टाकला. १९६१ सालचे लग्न. वडील पांढऱ्या सदऱ्यात, आई पांढऱ्या पातळात, मागे टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. ग्रुपवर जयभीमचा पाऊस पडला. मूळ फोटो मात्र आमच्या ट्रंकेत आहे, आणि त्यात दोघांच्याही कपाळाला मुंडावळ्या आहेत. भाच्याने त्या मोबाईलवर पुसून टाकल्या होत्या. विचारले तर म्हणाला, "मामा, बौद्ध लग्नात मुंडावळ्या? लोक काय म्हणतील?"

पोरगा मनाने साफ आहे, चळवळीत काम करतो. तरीही आम्ही त्याला सांगितले की तू फोटो नाही, पुरावा कापलास.

आधी हे लक्षात घ्या की आपल्या लोकांच्या लग्नाचा फोटो ही गोष्टच नवी आहे. बाबासाहेब आणि रमाईंचे लग्न भायखळ्याच्या बाजारात रात्री लागले. दिवसभराचा बाजार उठल्यावर त्याच ओट्यांवर वऱ्हाड बसले आणि पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते. त्या लग्नाचा फोटो आपण कुणी पाहिलेला नाही. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत माईसाहेबांशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला, त्याचा फोटो आज घराघरांत आहे. या दोन लग्नांमध्ये चाळीस वर्षे आहेत, आणि एका माणसाने त्या काळात समाजाला कुठून कुठे आणले तेही आहे.

ज्यांना नटण्याचाच हक्क नव्हता त्यांनी फोटो कशाचा काढायचा? 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाई लोकांचा दाखला दिला आहे, तो तरुणांनी पुन्हा वाचावा. जरीकाठाची पगडी घालायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत, आणि वरच्या जातींच्या लग्नात वाजंत्री मात्र यांनीच वाजवायची. हा १९२८ चा वृत्तांत आहे. घोड्यावर बसलेल्या नवरदेवावर दगड पडल्याची बातमी आजही कुठून ना कुठून येतेच.

म्हणून जुन्या फोटोत आधी कपडे पाहा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की जातीची ओळख सांगणारी लुगड्याची धाटणी सोडा, गळ्यातले-हातातले कथलाचे आणि चांदीचे ओझे टाका. तुमच्या पणजीचा फोटो असेल तर तिचे लुगडे कुठवर आले आहे ते बघा. महाडचे भाषण तुमच्या घरात कधी पोहोचले ते कदाचित तिथे कळेल.

आता मुंडावळ्यांकडे येऊ. आईला विचारले तेव्हा ती हसली. म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या आत्याने बांधल्या. रडत होती बिचारी. म्हणे, भावाच्या पोराचं लग्न बोडक्या कपाळानं कसं लावू?" त्या लग्नात भटजी नव्हता. होम नाही, सप्तपदी नाही, कुलदैवताचा तळी-भंडारा नाही. म्हणजे बावीस प्रतिज्ञांतली ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा घरातल्या सगळ्यांनी पाळली. मुंडावळ्यांपाशी आत्या अडली आणि पोरांनी तिला तेवढे करू दिले. पुढे १९६८ मध्ये धाकट्या काकांचे लग्न झाले. त्या फोटोत मुंडावळ्या नाहीत आणि तीच आत्या हात जोडून पहिल्या रांगेत बसली आहे.

दोन फोटो शेजारी ठेवले की सात वर्षांत घर किती चालले ते दिसते. पहिल्यातल्या मुंडावळ्या पुसल्या तर चालणेच पुसले जाते. मग असे वाटू लागते की १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपोआप बदलले. आपोआप काहीच झाले नाही. घरोघरी एकेक आत्या समजावावी लागली. "धर्म बदलला, माणसे तीच राहिली" असे आपल्याला हिणवणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर हे दोन्ही फोटो लागतात, एकट्या दुसऱ्याने भागत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आईच्या फोटोत दोघांच्या हातांमधून एक पांढरी रेघ जाते. इतकी वर्षे आम्ही तो ओरखडा समजत होतो. बाबासाहेबांनी अखेरच्या दिवसांत एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी लिहून दिला होता. वधूवरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, मडक्यातल्या पाण्यात सोडलेला सुताचा धागा दोघांच्या हाती, कुणीतरी मंगलसुत्त म्हणायचे, दोघांनी पांढरे कपडे घालायचे. ती रेघ म्हणजे तो धागा आहे. खाली मडक्याचा काठही दिसतो. भाच्याने टाकलेल्या फोटोत खालची बाजू कापलेली होती, मडके त्यातच गेले.

याला कायद्याची बाजूही आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि कलम ७ रूढीप्रमाणे विधी मागते. नव्या विधीला जुनी रूढी कुठून आणायची? नवऱ्याने टाकलेल्या बाईला लग्न सिद्ध करायचे तर असा फोटो किती मोलाचा, ते कोर्टाची पायरी चढलेल्यांना विचारा. त्यात केंद्राच्या सवलती नवबौद्धांना १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. अनेक घरांत दाखल्यावर 'हिंदू महार' राहिले आणि भिंतीवर बुद्ध आले. अशा घरांच्या धर्मांतराची नोंद सरकारी कागदात सापडणार नाही, लग्नाच्या फोटोत सापडेल.

तेव्हा या सुट्टीत ट्रंका उघडा. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, आहे तसाच उजेडात धरून मोबाईलवर टिपा, चारही कडांसकट आणि मागच्या शिक्क्यासकट. मग तो घेऊन म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. लग्न कुणी लावले, बँड कुठला होता, गावातून कोण आले आणि कोण मुद्दाम आले नाही, जेवणाचा खर्च कुणी उचलला, हे विचारा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, बॉलपेन उमटते.

आमच्या फोटोत उजव्या कडेला हातात वही घेतलेला एक तरुण उभा आहे. गाथा त्यानेच म्हटल्या. आईला एवढेच आठवते की तो तालुक्याहून सायकलवर आला होता आणि जेवायलाही थांबला नाही, कारण त्याला त्याच दिवशी आणखी एक लग्न लावायचे होते. नाव तिला आठवत नाही. ते दुसरे लग्न कुणाच्या घरचे होते, त्याचा शोध आम्ही घेतो आहोत.