एका बरणीचा कर



वसईच्या बायका पिढ्यानपिढ्या भाजी, फुलं, सुकेळी घेऊन बाजारात बसत आल्या. मुंबई प्रांतात विक्रीकर १९४६ साली आला, पण तो मोठ्या उलाढालीवर. टोपलीवालीला त्याचा ताप नव्हता. २०१७च्या जीएसटीतही लहान विक्रेत्यांना सूट राहिली.

मग बाजार मोबाइलवर आला. १ ऑक्टोबर २०१८पासून ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्या विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर कापून सरकारात भरू लागल्या. तिथे मसाल्याची एक बरणी विकायची, तरी जीएसटी क्रमांक सक्तीचा झाला. तोच मसाला गिरीजमध्ये दारात विकला, तर २०१९पासून वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणीची गरज नाही! आमच्या गटांतल्या कितीजणी या अटीपाशीच थांबल्या.

पाच वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२३ला ती अट सैल झाली. आता लहान विक्रेतीने पॅन कार्डावर जीएसटीच्या संकेतस्थळावर नावनोंदणी केली, की राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकता येतो. तिचा कर कापत नाहीत. राज्याबाहेर पाठवायचं, तर मात्र क्रमांक लागतोच.

ज्यांच्याकडे क्रमांक आहे, त्यांचा जुलै २०२४पासून अर्धा टक्काच कापतात. ते पैसे आपल्याच कर-खात्यात जमा होतात. विवरणपत्र भरताना ते मागून घ्या, सोडू नका.